ओला वेत

मंगळवार, १९ मार्च १९९१. आभाळ स्वच्छ, ऊन कडक. दुपारी दोनपर्यंत वारा नव्हता. मग पश्चिमेकडून सुटला, धूळ घेऊन.

"आणखी ओढू का?"

पाळकसाहेबांनी वेताची पट्टी मनगटाभोवती गुंडाळून घेतली होती. एक पाय खुर्चीच्या चौकटीला लावला होता.

"हात तुमचा," सलोमीबाई म्हणाल्या.

साहेबांनी ओढली. पट्टी कडकन तुटली.

"चौथी," सलोमीबाई म्हणाल्या.

सलोमीबाई भिंगारदिवे त्र्याहत्तर वर्षांच्या. मिशनच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षे मुलींना वेतकाम शिकवले. रेव्हरंड सुमंत रणनवरे मूळचे इथलेच; आमच्या चर्चच्या मंडळीत पाळक म्हणून परत येऊन त्यांना दोन वर्षे झाली. प्रभुभोजनाच्या मेजामागच्या खुर्चीची बैठक फाटली, तेव्हा कारागीर बोलवू असे सर्वांनी सुचवले. साहेबांनी ऐकले नाही. लेंतचे, ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस आहेत, आपल्या हातांनी विणीन, म्हणाले. थोडी नम्रता शिकेन.

"नम्रता शिकायची तर कुणाचे पाय धुवा," सलोमीबाईंनी तेव्हाच सांगितले होते. "खुर्चीला कशाला छळता?"

आज ते दोघे चर्चच्या ओसरीत बसले होते. मी बाजूला गायनपुस्तकांना कव्हरे घालत होतो.

"वेतच खराब आहे, बाई."

"माझाही याच जुडीतला आहे."

त्यांनी आपल्या पुढ्यातल्या स्टुलावरच्या पट्टीखाली बोट घालून दाखवले. पट्टी वर उचलली गेली आणि पुन्हा खाली झुलली.

"ही तर सैल आहे!"

"ओली आहे."

"यावर माणूस बसला तर जमिनीला टेकेल."

"आज कोण बसतंय?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी बादलीतून पाचवी पट्टी काढली, पण ती ओवली नाही. ओले हात रुमालाला पुसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"बाई, तुम्ही अमोसला संडे स्कूलमध्ये शिकवलंय. म्हणून हे ऐका. चारला पोस्टाची पेटी उघडतात, त्याआधी टाकायचंय."

अमोस हा साहेबांचा धाकटा भाऊ. ईश्वरविज्ञानाचे शिक्षण दुसऱ्या वर्षी सोडून तो पिंपरीला एका गॅरेजात लागला. दोन वर्षे घरी आला नव्हता. आई, मार्थाबाई, जानेवारीपासून अंथरुणाला खिळल्या होत्या. रोज संध्याकाळी एसटीचा आवाज आला की विचारायच्या, कोण उतरलं? मागच्या आठवड्यात अमोसचे कार्ड आले होते: ईस्टरला येऊ का?

साहेबांनी वाचायला सुरुवात केली. पहिले, मंडळीसमोर उभे राहून क्षमा मागावी. दुसरे, कॉलेजला पुन्हा अर्ज करावा. तिसरे, तो अर्ज आधी मला दाखवावा...

सलोमीबाई पट्टी ओवत होत्या. भोकातून खाली, शेजारच्या भोकातून वर, मग ती धरून ठेवायला भोकात खुंटी.

"...सहावे, गॅरेजच्या मित्रांशी पत्रव्यवहार बंद करावा."

"झालं?"

"सातवं आहे. ते जरा मोठं आहे."

"येईल तो?"

"यायचं असेल तर येईल." साहेबांचा आवाज चढला. "माझं काय चुकतंय? मीच त्याला वाढवला, बाई. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. एकदा सैल सोडला आणि..."



सलोमीबाईंनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठल्या. ओसरीच्या कोपऱ्यात, सावलीत, एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. ती त्यांनी ओढत आणली.

"ओळखता का?"

"शनिवारी तुम्ही विणलेली."

"तेव्हा तिला तुम्ही काय म्हणाला होतात?"

"...झोळी."

"वाजवा."

साहेबांनी बोटांनी थाप मारली. डफासारखा आवाज आला. त्यांनी पट्टीखाली बोट घालायचा प्रयत्न केला. गेले नाही. खुर्ची उलटी केली आणि एकेक भोक पाहिले.

"मागाहून ओढलीत?"

"नाही."

"खुंट्या ठोकल्यात पुन्हा?"

"नाही हो."

"मग कुणी ताणली?"

सलोमीबाई आपल्या जागी जाऊन बसल्या. बादलीत हात घातला. वाऱ्याने माझी दोन कव्हरे उडाली, ती मी उचलून आणली.

साहेब कागद हातात धरून उभे होते.

"पण बाई... सुकून वाकडी झाली असती तर?"

"पुन्हा भिजवली असती."

"आणि शनिवारपासून तुम्ही काहीच केलं नाहीत?"

"मी?" सलोमीबाईंनी पट्टी भोकातून वर घेतली. "मी घरी जाऊन झोपले."

साहेबांनी पाचवी पट्टी ओवली. ती झुलत राहिली. त्यांनी दोनदा तिच्याकडे पाहिले, तिसऱ्यांदा हात पुढे केला आणि मागे घेतला. खुंटी बसवली. मग माझ्याकडे पेन मागितले आणि एक कोरे कार्ड.

पावणेचारला कार्ड पेटीत पडले. त्यावर पत्ता होता आणि एक ओळ: ये. आई वाट पाहते, मीही.

शनिवार, ३० मार्च. ऊन तसेच, वारा नाही. अमोस संध्याकाळी सव्वासातच्या एसटीने आला. मार्थाबाईंनी विचारले, कोण उतरलं? साहेबांनी नाव सांगितले.

ईस्टरच्या रविवारी सकाळी साहेब स्वतः विणलेल्या खुर्चीवर बसले. बैठक टिकली. अमोस तिसऱ्या बाकावर होता.