पखवाजाची कणीक

माळावरच्या देवळात नुकतीच वीज आली होती, तेव्हाची ही गोष्ट. तिथे एक म्हातारा पखवाज राहत असे. वाजवण्याआधी त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागे, ती खाल्ल्याशिवाय तो घुमत नसे. मग देवळात कर्णा आला. पोरं त्यावर सिनेमाच्या चालींतली देवाची गाणी लावू लागली आणि पखवाज खुंटीवरच राहिला.

"बाजार मांडलाय नुसता!" तो धुसफुसायचा. "असल्या चालींत कसला आलाय देव?"

कर्णा बिचारा ऐकून घ्यायचा.

एका संध्याकाळी फुलवाली सगुणा गाणं ऐकता ऐकता खांबाला टेकली. तिचे डोळे मिटले, गालांवरून पाणी ओघळलं. पखवाज चपापला. त्याचं वाजणं ऐकताना तिची आजी याच खांबाला अशीच टेकून रडायची.

"बाळा, तुला रे कसली कणीक लावतात?" त्याने हळूच विचारलं.

"काहीच नाही, आजोबा. मी नुसता पोकळ. देवाची भूक माणसंच घेऊन येतात."

पखवाजाने खांबाला टेकलेल्या सगुणेकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हण बरं तेच गाणं पुन्हा."

त्या संध्याकाळी कुणी कणीक लावली नव्हती, तरी खुंटीवरचा पखवाज घुमू लागला.