अडलेला काटा
वस्तूंना वाचा होती, पण माणसांना ती ऐकू येत नसे, त्या काळची ही गोष्ट. बापू तांबटांच्या दुरुस्तीच्या दुकानात एक जुना रेडिओ आला. त्याचा काटा एकाच जागी घट्ट बसला होता. त्या जागी पूर्वी रोज दुपारी श्रोत्यांच्या आवडीची गाणी लागत आणि फर्माईश करणाऱ्यांची नावे वाचली जात. ते केंद्र बंद पडून वर्षे लोटली होती. तेथे आता नुसती खरखर उरली होती, तरी रेडिओ काटा हलू देईना.

तिसऱ्या दिवशी बापू वैतागून म्हणाले, “आज वाजला तर ठीक, नाहीतर संध्याकाळी भंगारात देतो.”

ते चहाला गेल्यावर पक्कड म्हणाली, “आजोबा, हट्ट पुरे झाला. बोटभर सरका.”

“आणि काय ऐकवू? हल्लीचा गोंगाट?” रेडिओ थकल्या स्वरात म्हणाला. “माझी माणसे परत आली आणि मी जागेवर नसलो तर?”

“ती आता कुठली यायला! आणि गोंगाटाचे म्हणाल, तर या दुकानात पहिला रेडिओ वाजला, तेव्हा ग्रामोफोनने म्हणे आपला कर्णा भिंतीकडे फिरवला होता.”

वाट पाहून रेडिओही दमला होता.

बापूंनी परत येऊन खुंटी पिळली, तेव्हा काटा सरकला. कोण्या मुलीचे धावते, अनोळखी गाणे लागले. रेडिओला ते मुळीच आवडले नाही. पण त्याने ते एकदाही न खरखरता शेवटपर्यंत ऐकवले.