आसरा कुठला?

“आणखी?” दयागीरबुवांनी विचारलं.

मठाच्या पायरीवर उभ्या असलेल्या अंबादासाला हा प्रश्न जरा लागलाच. इतकं सांगितलं, तरी आणखी?

अंबादास ह्याच मठात लहानाचा मोठा झाला आणि मग काशीला शिकायला गेला. कालच परत आला होता. काशीचं पाणी प्यालं की माणसाला गावचं पाणी पाणचट लागतं, तसं त्याचं थोडं झालं होतं. मठात पोरांना शिकवायला त्याला शास्त्रीबुवांची जागा हवी होती.

बुवा म्हणाले होते, “एका शब्दाचा अर्थ सांग, मग बघू. आसरा म्हणजे काय?”

मठाच्या खालीच नदीचा डोह. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, म्हणजे साती आसरा. डोहात राहणाऱ्या बाया. हा प्रश्न तर गावातल्या शेंबड्या पोरानंही सोडवला असता.

अंबादासानं मूळ शब्द सांगितला, अप्सरा. अप् म्हणजे पाणी, पाण्यातून सरते ती अप्सरा. लोकांच्या जिभेला जोडाक्षर झेपलं नाही, म्हणून आसरा. मग सुरांगना सांगितलं, देवांगना सांगितलं, सुरसुंदरी सांगितलं. इकडे जलदेवता म्हणतात, मावळात मावलाया म्हणतात, तेही सांगितलं.

आणि बुवा म्हणत होते, आणखी?

“आसरा म्हणजे आश्रय,” अंबादास म्हणाला. “पण तो शब्द निराळा, बुवा. उच्चार एक, कूळ वेगळं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सकाळी घाटावर बायकांनाही मी हेच समजावलं.”

बुवांचा अडकित्ता थांबला.

“काय समजावलंस?”

“की आसरा कुणाला आसरा देत नसतात. इंद्राच्या दरबारात नाचणाऱ्या त्या. उगाच गावंढळ समजूत करून घेतलीय.”

“तुला कुणी विचारलं होतं?”

“… नाही.”

बुवा पुन्हा सुपारी कातरू लागले.

तेवढ्यात भोयांच्या वस्तीतली तान्हूबाई पायऱ्या चढून वर आली. हातात ताट. त्यात हिरवा खण, बांगड्या, तांदूळ, नारळ. दर चैत्रात ती डोहावर आसरांची ओटी भरायची आणि मग बुवांच्या पाया पडायला यायची. आज ओटी ताटात तशीच होती.

“भरली नाहीस?” बुवांनी विचारलं.

“न्हाई भरली. ह्ये काशीस्नं शिकून आल्यात. ह्यास्नी इचारते आन् मंग भरते.”

ती अंबादासाकडे वळली.

“शास्त्रीबुवा, माजी चंद्री ह्या डोहात गेली. धुनं धुवाया आलती, पाय घसरला. तुमी तवा हितं नव्हता.”

अंबादासानं खाली डोहाकडे पाहिलं.

“तवापास्नं मी म्हनते, आसरांनी पोरीला आसऱ्याला घेतली. साती जनींत आटवी. एकली न्हाई पडली. लई उपकार हायेत त्यांचे माज्यावर. म्हून खण आनते. पोर सासरी गेली असती, तरी चैत्राचा खण केलाच असता न्हवं?”

तिनं ताट दुसऱ्या हातात घेतलं.

“सकाळी तुमी बोललात, आसरा कुनाला आसरा देत न्हाईत. मंग माजी पोरगी हाय कुटं?”

सुरांगना, देवांगना, सुरसुंदरी… सगळ्या अंबादासाच्या ओठापर्यंत आल्या आणि तशाच माघारी गेल्या. त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवा सुपारीकडे पाहत होते.



अंबादास पायरी उतरून खाली आला. त्यानं तान्हूबाईच्या हातातलं ताट घेतलं.

“आसरा म्हणजे आसरा, मावशी,” तो म्हणाला. “सकाळी माझं चुकलं. चला.”

“मंग माजं बरूबर?”

“तुमचं बरोबर.”

दोघं डोहावर गेली. तो ताट धरून उभा राहिला. तान्हूबाईनं एकेका दगडाला हळदकुंकू लावलं, ओटी भरली, नारळ वाढवला. मग हात जोडून पाण्याला म्हणाली, “संबाळलंत माज्या लेकराला, बायांनो. आसंच संबाळा.”

खोबऱ्याचा तुकडा तिनं अंबादासाच्या हातावर ठेवला.

“तुमचंबी लई उपकार झालं, शास्त्रीबुवा. सकाळधरनं जीव टांगनीला लागलावता.”

अंबादास खाली वाकला आणि तिच्या पायाला हात लावला. काशीत त्यानं पुष्कळांचे पाय धरले होते. असे मनापासून कधी नाही. तान्हूबाई “आवं, आवं” करत मागं सरली आणि रिकामं ताट घेऊन वस्तीकडे निघून गेली.

अंबादास वर आला. पुन्हा त्याच पायरीवर उभा राहिला.

“बुवा, शास्त्राच्या हिशेबानं मी खोटं बोललो.”

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

“पण मन इतकं निवांत कधीच नव्हतं. तुम्ही मला नुसतं आणखी म्हणून विचारलंत… तुमचे उपकार कसे फेडू?”



खोबऱ्याचा तुकडा अजून त्याच्या मुठीत होता. त्याचे दोन भाग करून एक त्यानं बुवांपुढे ठेवला.

“शास्त्रीबुवांची जागा राहू दे, बुवा. मला मठात आसरा द्या.”

बुवांनी खोबरं तोंडात टाकलं. सावकाश चावलं. मग घोंगडीवर थोडे बाजूला सरकले आणि निम्मी जागा मोकळी करून म्हणाले,

“कुठला देऊ? दोन आहेत म्हणाला होतास.”