शिंप्याच्या घरचा खरवस

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक शिंपी होता. हाताने मोठा कसबी, पण बोलायला लागला की रडगाणंच गायचा. कुणी नुसतं "काय, कसं चाललंय?" म्हटलं तरी तो आधी उसासा टाकी आणि मग तोंड उघडी.

या शिंप्याला तीन जिवलग मित्र होते: एक लोहार, एक कुंभार आणि एक माळी. दिवसभराचं काम उरकलं की चौघं लोहाराच्या भट्टीपाशी जमत. भट्टी विझत आलेली असे, पण ऊब असे. सगळे टेकले की लोहार रोज एकच प्रश्न विचारी, "बोला, आज गोड की कडू?" मग ज्याच्या वाट्याला दिवसाने जे दिलं असेल ते तो सांगे. कुंभाराची मडकी भाजताना तडकली की ते कडू, लेकीचा सासरहून निरोप आला की ते गोड. माळ्याच्या वांग्यांना कीड लागली की कडू, आणि त्यातूनच वाचलेल्या वांग्यांचं भरीत बायकोने झकास केलं की गोड. गोष्टी काही फार मोठ्या नसत, पण त्या सांगून झाल्या की माणसं हलकी होऊन घरी जात.

शिंपी मात्र रोज कडूच सांगे. सुई बोटात गेली, दोरा कुजका निघाला, अंगरखा तंग झाला म्हणून गिऱ्हाईक भांडून गेलं. आता खोटं तो काही बोलत नव्हता. पण ज्या दिवशी पाटलांनी भरल्या चावडीत त्याच्या शिलाईचं कौतुक केलं, त्या दिवशीसुद्धा हा गडी "मान अवघडलीय" एवढंच सांगून बसला.

त्याला तसं कारण होतं. फार वर्षांपूर्वी त्याच्या परसातल्या आंब्याला पहिला मोहर आला, तो त्याने हौसेने गावभर सांगितला, आणि थोड्याच दिवसांत गारा पडून सगळा झडला. तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं, की आनंद बोलून दाखवला की त्याला दृष्ट लागते. गारा काही त्याचं एकट्याचं झाड बघून पडल्या नव्हत्या, गावातले सगळेच आंबे झोडपले गेले होते. पण हे त्याला कोण सांगणार? त्याने कधी कुणाला विचारलंच नाही.

शिंप्याकडे एक म्हैस होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव टिकली. तिच्यावर शिंप्याचा भारी जीव. पण काही केल्या ती गाभण राहीना, आणि भट्टीपाशी बसणाऱ्यांना हे दुःख तोंडपाठ झालं होतं. त्यांनी ते नुसतं ऐकलं असंही नाही. माळी रोज तिच्यासाठी हिरवा चारा बाजूला काढू लागला. लोहार हातातलं काम टाकून शिंप्याबरोबर म्हैस घेऊन पलीकडच्या गावी पायी गेला, कारण तिथला रेडा चांगला होता.

अखेर टिकली गाभण राहिली. आणि शिंपी चिडीचूप झाला.

"काय रे, राहिली का म्हैस?" लोहार विचारी.

"आमचं कुठलं आलंय एवढं नशीब," शिंपी म्हणे आणि मान खाली घाली. म्हशीचं पोट तसंही मोठंच, त्यामुळे बघून कुणाच्या लक्षात आलं नाही.

एके दिवशी पहाटे टिकली व्याली. पारडी झाली, आणि तिच्याही कपाळावर आईसारखाच ठिपका. शिंपी गोठ्यात उभा राहून एकटाच हसत होता.

त्या गावात अशी रीत होती, की म्हैस व्याली की पहिला चीक मित्रांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी जायचा. ज्याने त्याचा खरवस खाल्ला, त्याने दुसऱ्या दिवशी हिरव्या गवताची पेंडी आणि गुळाचा खडा घेऊन म्हैस बघायला यायचं. आला की कुणी तिचे कान चाचपी, कुणी कास बघे, कुणी ती नीट खाते का ते विचारी. शिंपिणीने पारडीला पोटभर पाजलं, तीन तांबे चिकाने भरले, वर फडकी बांधली आणि ती निघाली.

"कुठं निघालीस?" शिंप्याने अडवलं.

"कुठं म्हणजे? भावजींच्या घरी, चीक द्यायला."

"ठेव खाली. पारडीला अंग धरू दे. चार दिवसांनी सांगू सगळ्यांना."

"चार दिवसांनी चीक कुठला? तोवर साधं दूध होतं त्याचं."

"मग आपणच खाऊ."

दोघांनी सकाळी खरवस खाल्ला, दुपारी खाल्ला, संध्याकाळीही खाल्ला. तो काही संपेना. शेवटी उरलेला शिंप्याने परसातल्या उकिरड्यावर टाकला आणि वर माती लोटली. शिंपीण दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी तिने नवऱ्याला पुन्हा जेवायला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टीपाशी लोहाराने विचारलं, "गोड की कडू?"

"कडू," शिंपी म्हणाला. "पोट बिघडलंय."

"काय खाल्लं होतंस?"

"भाकरी."

"भाकरीने कधी पोट बिघडतं होय?" असं म्हणत कुंभाराने कमरेची चंची सोडली आणि त्याच्या हातावर ओवा ठेवला. शिंप्याने तो खाली बघतच चघळला. मनातून त्याला वाईट वाटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर टिकली खाली बसली ती उठेना. मान तिने कुशीवर टाकली होती आणि डोळे अर्धवट मिटले होते. शिंप्याने हाका मारल्या, शेपूट पिळलं, खांदा लावून ढकललं. शिंपिणीनेही जोर लावला. पण दोघांनी म्हैस थोडीच हलते? बाजूला पारडी दुधासाठी ओरडत होती. शिंपी अनवाणीच भट्टीकडे धावला.

"टिकली बसलीय, उठतच नाही," तो धापा टाकत म्हणाला.

माळी लगेच उठला. "पोट फुगलं असणार. माझ्या घरी तेल आहे, पाजूया."

"थांब," कुंभार म्हणाला. त्याच्याकडे गाढवं होती, म्हशीही होऊन गेल्या होत्या, त्याला जनावरांच्या चार गोष्टी जास्त कळायच्या. "काही वेगळं खाल्लं का तिने? काही झालं का या दोन दिवसांत?"

"नाही," शिंपी म्हणाला. "काहीच नाही."

"मग फुगलीच असेल. तेल देऊन बघू."

माळी तेल आणायला वळला. शिंप्याच्या डोळ्यांपुढे कुशीवर मान टाकलेली टिकली आली. खरं सांगितलं तर इतके दिवस लपवलेलं उघडं पडणार होतं, आणि त्याच्या हिशेबाने राहिलेल्या पारडीलाही दृष्ट लागणार होती. न सांगावं तर म्हशीला भलतंच औषध जाणार होतं. त्याने पुढे होऊन माळ्याचा हात धरला.

"फुगली नाही रे ती. व्यालीय. परवा पहाटे."

लोहाराच्या हातात सांडशी होती, ती त्याने हळूच खाली ठेवली.

"पारडी की टोणगा?" त्याने विचारलं.

"पारडी. तिच्याही कपाळावर ठिपका आहे."

"म्हणजे गोड होतं," लोहार म्हणाला. "चला आता."

गोठ्यात शिरताच कुंभाराने टिकलीचे कान धरून बघितले. बर्फासारखे गार. "व्यालेल्या म्हशीची ताकद दुधात गेली की अशी बसते," तो म्हणाला. "हिला तेल पाजलं असतं तर ते गिळताही आलं नसतं. ठसका लागून मेली असती."

मग चौघांनी चार बाजूंनी खांदे लावले आणि "हं, आता" म्हणत टिकलीला सरळ बसवलं. दोन्ही अंगांना भुशाची पोती लावली, म्हणजे ती पुन्हा कलंडू नये. लोहार गोणपाट घेऊन तिची पाठ रगडत बसला. शिंपिणीने घरातली होती नव्हती ती पांघरुणं तिच्या अंगावर घातली. ऊब येऊन टिकलीने मान उचलली, गिळू लागली, तेव्हा कुंभाराने चुन्याची निवळी आणि गुळाचं पाणी थोडं थोडं करून तिला पाजलं. माळी पारडीला कुशीत घेऊन बसला होता. दिवेलागणीला टिकलीने कान हलवले.

शिंप्याला रडू कोसळलं. "मला दृष्टीची भीती वाटली," तो म्हणाला. "म्हणून सांगितलं नाही."

"तू इतकी वर्षं आम्हाला नुसतं कडूच वाढलंस," लोहार पाठ रगडता रगडता म्हणाला. "आम्ही घेतलं, आमची तक्रार नाही. पण ही गाभण राहावी म्हणून माझेही पाय दुखले होते रे. व्याली हे कळलं असतं तर काल पेंडी घेऊन आलो असतो, आणि कालच तिचे कान चाचपले असते."

माळ्याला मात्र वेगळीच रुखरुख लागली होती. "खरवस उरलाय का?" त्याने हळूच विचारलं.

"उकिरड्यावर टाकला," शिंपीण म्हणाली. माळ्याने कपाळाला हात लावला, आणि त्याही अवस्थेत शिंप्याला हसू आलं.

उजाडताना टिकली उठून उभी राहिली. मित्र अजून गोठ्यातच होते.

त्या संध्याकाळी लोहाराने विचारलं, "गोड की कडू?" शिंपी क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "गोड. पारडी आज माझा नवा दोरा चघळून बसली." सगळे हसले आणि पारडीला काहीही झालं नाही.

पुढे टिकली पुन्हा व्याली, तेव्हा शिंपी स्वतः तांबे घेऊन दारोदार फिरला. माळ्याच्या घरचा तांबा सगळ्यात मोठा होता. दुसऱ्या दिवशी मित्र पेंड्या घेऊन आले आणि टिकलीला निरखून बघू लागले. शिंपी शांतपणे शेजारी उभा होता. ज्या डोळ्यांना तो आयुष्यभर भ्याला, त्याच डोळ्यांच्या पहाऱ्यात आपली म्हैस आहे, हे त्याला आता ठाऊक झालं होतं.

तात्पर्य इतकंच: मित्रांना दुःख सांगता, तसा आनंदही सांगा; ज्यांना तुमचा आनंद ठाऊक असतो, तेच तो सांभाळायला धावून येतात.