केरबा कासाराचा रस

एका गावात केरबा नावाचा कासार राहायचा. आसपासच्या बाजारांत बसून बायकांना बांगड्या भरायचा आणि हात चालेल त्याच्या दुप्पट तोंड चालवायचा. त्याला मधुमेह झाला. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "हा आजार जन्माचा आहे. मला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही."

केरबा गोळ्या घेऊ लागला. कुणीतरी सांगितलं म्हणून जोडीला कारल्याचा रसही पिऊ लागला. हळूहळू अंगात तरतरी आली. झालं! भेटेल त्याला हा सांगत सुटला, "कारल्याच्या रसानं ठणठणीत झालो बघा!" गोळ्यांचं नाव मात्र काढलं नाही. गोळ्या काय, सगळेच घेतात. त्यात ऐट कसली?

दिवाळीनंतर शेजारचा बाबू शिंपी सांगत आला, "केरबा, कशाला गोळ्या गिळतोस? एकानं गोळ्या फेकून नुसता कारल्याचा रस घेतला, आजार मुळासकट गेला!"

केरबानं त्याच दिवशी गोळ्या फेकल्या. बायको सोनाबाई कानीकपाळी ओरडली. पण ऐकतो कोण?

पुढं पायाच्या अंगठ्याला जखम झाली. ती भरेना. अंगठा काळा पडू लागला.

"अहो, पाय जाईल! डॉक्टरीणबाईंकडं चला," सोनाबाई रडकुंडीला आली.

"तो माणूस बरा झाला ना? मग मीही होईन," केरबाचा एकच हेका.

"मग त्यालाच गाठते!" म्हणून ती तणतणत निघाली.

शिंप्यानं आपल्या व्याह्यांचं नाव सांगितलं. व्याह्यांनी बहिणीकडं धाडलं. बहिणीनं सासूकडं बोट दाखवलं. सगळे अगदी छातीठोकपणे सांगत होते, आणि त्या माणसाला एकानंही पाहिलं नव्हतं. आता काय म्हणावं या लोकांना! सोनाबाईचं डोकं भणभणलं.

सासू म्हणाली, "मी पाहिलाय की त्याला! ह्या बांगड्या त्यानंच भरल्या. केरबा कासार."

सोनाबाईनं विचारलं, "त्यानं गोळ्या फेकल्या, असं तो बोलला?"

"गोळ्यांचं काही बोलला नाही बाई. म्हणजे घेत नसणार!"

सोनाबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि तशीच घरी आली.

"भेटला का तो बरा झालेला माणूस?" केरबानं विचारलं.

"भेटला. खाटेवर पाय पसरून बसलाय. अंगठा सडलाय त्याचा. उठा आता!"

डॉक्टरीणबाईंनी पाय वाचवला. अंगठा गेला. आता बाजारात कुणी रसाचं विचारलं, की केरबा आधी चप्पल काढून पाय दाखवतो आणि मग गोळ्यांचं सांगतो.

तात्पर्य: अमक्याला गुण आला असं दहा तोंडांनी ऐकलं, तरी ते खरं ठरत नाही, जन्माच्या आजारात उपचार बदलण्याआधी जाणत्या डॉक्टरला विचारावं, आणि आपण बरे झालो ते सांगायचंच असेल तर सगळं सांगावं.