सासऱ्याचा उखाणा

“मग तो बैल रंगमंचावरून उतरला कसा?” बुवांनी विचारले.

“उतरलाच नाही, बुवा.”

“म्हणजे?”

“शेतकऱ्याच्या प्रवेशापुरता आणला होता. पुढे दरबाराचा पडदा उघडला, तरी हा मधोमध बसलेला. ओढला, ढोसला, शेपटी पिरगाळली... ढिम्म हलेना. शेवटी राजा झालेल्या नटाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, ‘आजपासून हेच आमचे प्रधानजी!’ उरलेलं सगळं नाटक प्रधानजी रवंथ करत बसले.”

बुवा विचारात पडले.

“कारभार कसा केला?”

“बैलाने?”

“प्रधानाने.”

श्रीनिवास उपळेकराने ओठ मिटून घेतले. हसण्याची जागा ही नव्हती. ती मागेच होऊन गेली होती.

येरळा नदीच्या काठी, गावापासून थोडा बाजूला, विठ्ठलाचा एक लहानसा मठ आहे. रंगोबुवा तेथे देवाची पूजा करीत आणि सायंकाळी येईल त्याला ओव्यांचा अर्थ सांगत. श्रीनिवासाचे वडील हयातभर या मठात टाळ धरून उभे राहिले होते. त्यामुळे साठी जवळ आलेल्या श्रीनिवासालाही बुवा ‘अरे’ म्हणूनच हाक मारीत.

एरवी त्याला ‘अरे’ म्हणणारे आता कोणी उरले नव्हते. विनोदाच्या प्रांतात त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. जे चारचौघांच्या कानी गेलेले नाही, असे हसू हुडकून काढणे हा त्याचा छंद. कुठल्या आडगावच्या हौशी नाटकाचे चित्रण, कुठल्या जत्रेत कोणीतरी टिपलेला आवाज... सारे त्याच्या मोबाईलमध्ये जतन केलेले. पुण्यापासून बेळगावपर्यंतची माणसे त्याला फोन करीत. “उपळेकर, मन उदास आहे. काय पाहू? काय ऐकू?”

तो सांगे. लोक हसत. असा त्याचा लौकिक.

“आणखी एक आहे,” तो म्हणाला. “कोकणातल्या एका नाटकातलं. नायकाला एक वाक्य आठवेना. आतून सांगणारा सांगून सांगून थकला. शेवटी तोच पुस्तक घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, ‘तू बस. मीच मरतो.’ आणि मेला की हो, बुवा! रीतसर, तलवारीवर.”

“लोक रडले?”

“रडतील कशाला? विनोदी झालं ना ते.”

“मेला चांगला असेल, तर रडायला हरकत नाही,” बुवा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचे कुतूहल होते.

श्रीनिवासाने उपरण्याने कपाळ पुसले. जे सांगायला तो आला होता, ते अद्याप सांगून झाले नव्हते.

“बुवा, मला असं काही सांगा, जे माझ्यापाशी नाही.”

“कशाचं?”

“हसण्याचं. तुम्ही बहुरूपी पाहिलेत, भारुडं पाहिलीत, गोंधळ्यांच्या नकला ऐकल्यात. एखादं दुर्मीळ सांगा. मी कुठूनही मिळवीन.”

“तुला कशाला? तुझ्यापाशी तर कोठार आहे.”

“माझ्यासाठी नको. कुमुदसाठी.”

कुमुद म्हणजे त्याची पत्नी.

बुवांनी हातातली तुळस खाली ठेवली.

“ती हसत नाही?”

“हसते...”

त्याने उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळले.

“परवा दारात भाजीवाली आली होती. तिच्याशी बोलता बोलता कुमुद इतकी हसली, की मेथीची जुडी हातातून पडली. मी आतून धावत बाहेर आलो. विचारलं, काय झालं गं? म्हणाली, काही नाही... आणि जुडी उचलून आत गेली.”

बुवा ऐकत होते.

“शेजारच्या काकूंकडे बसली, की भिंतीपलीकडून तिचं हसणं मला ऐकू येतं. मी गेलो की थांबतं. मुलगी सासरी गेली. घरात आम्ही दोघंच. जेवताना ताटवाट्यांचाच काय तो आवाज. सगळ्या मुलखाला मी हसवतो, बुवा. घरातल्या एका माणसाला...”



नदीपलीकडे कोणी गुरांना हाकारीत होते. तेवढाच आवाज.

“तिला काय काय दाखवलंस?” बुवांनी विचारले.

“सगळं! बैल दाखवला, मेलेला पुस्तकवाला दाखवला. माझ्याजवळचं जे सर्वांत अस्सल आहे, तेही ऐकवलं.”

“कोणतं?”

श्रीनिवासाचा चेहरा एकदम उजळला. तो पुढे सरकला.

“कुस्तीच्या फडावरचं आहे. माईकवर बोलणारा निवेदक आणि एक पैलवान, हे सासरे-जावई. पण लग्नात मानपानावरून बिनसलेलं. सासऱ्याने शपथ घेतलेली, जावयाचं नाव तोंडाने घेणार नाही. आता पुकारणार कसं? ऐकाच तुम्ही.”

त्याने मोबाईल दोघांच्या मधोमध ठेवला. हलगीचा कडकडाट झाला, आणि एक जाडाभरडा आवाज उमटला. ‘मंडळी, डाव्या बाजूला आहेत आपले बाजीराव पैलवान! आणि उजव्या बाजूला... दुसरे आहेत.’

“दुसरे आहेत! ऐकलंत?” श्रीनिवास म्हणाला.

‘बाजीरावांनी कब्जा घेतला... सुटला. कोणीतरी सोडवून घेतला.’

“कोणीतरी, बुवा! जावई तो!”

‘आता पट काढला आहे... काढला असं दिसतंय. आम्ही काही बघितलं नाही.’

बुवांच्या मिशीचे टोक किंचित हलले. श्रीनिवासाने ते टिपले. तो आणखी जवळ सरकला. त्याचे डोळे बुवांच्या ओठांवर खिळले होते.

“आता जावई जिंकतो. नाव पुकारावंच लागणार. मोठी शांतता येईल. मग लोक ओरडतील, ‘नाव घ्या!’ आणि सासरा, बुवा, नव्या नवरीसारखा उखाण्यात नाव घेतो! ऐका... आता... आता येईल...”

शांतता आली. लोक ओरडले. जाडाभरडा आवाज खाकरून म्हणाला,

‘हलगीच्या ठेक्यावर नाचतो घोडा,
हणमंतरावांचं नाव घेतो, माझी वाट सोडा!’

श्रीनिवास बुवांकडे पाहत राहिला.

बुवा त्याच्याकडे पाहत राहिले.

“हं,” बुवा म्हणाले.

“आवडलं नाही?”

बुवा उठले. देवापुढच्या वाटीतून त्यांनी खिरापतीची चिमूट आणून त्याच्या हातावर ठेवली. “घे. सकाळचा प्रसाद.”

श्रीनिवासाने ती मस्तकाला लावून तोंडात टाकली.

तेवढ्यात बुवा त्याच्यासमोर उकिडवे बसले. नाकाला नाक लागेल इतक्या जवळ. त्यांची दृष्टी त्याच्या जबड्यावर खिळली होती.

“आता खोबरं लागेल,” ते म्हणाले. “लागलं?”

श्रीनिवासाने मान हलवली.

“थांब, गिळू नकोस. खसखस येईल... आली? आता वेलदोडा. अगदी मागून येतो तो. आता... आता येईल...”

श्रीनिवासाला जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आले. बुवांनी शांतपणे पाण्याचा गडवा पुढे केला.

“अहो बुवा, असं तोंडाकडे बघत बसलात तर घास उतरेल कसा?”

बुवा जागेवर जाऊन बसले. त्यांनी पुन्हा तुळस निवडायला घेतली. एक पान... दुसरे पान...



श्रीनिवासाने मोबाईल उचलला, उलटा केला, पुन्हा खाली ठेवला.

“मी... असाच बघतो का?”

पान निवडणे चालू राहिले.

“पण बुवा, बघितलं नाही तर कळणार कसं?”

“काय कळायचंय?”

“माझी गोष्ट तिला आवडली की नाही.”

“तुझी कशी? गोष्ट तर त्या सासऱ्याची आहे.”

श्रीनिवासाचा अभिमान अजून पुरता बसला नव्हता. तो पुटपुटला, “शोधून तर मी आणली...”

“दुपार झाली,” बुवा म्हणाले. “देवाला जेवू घालू.”

आतल्या चुलीवर स्वयंपाक तयार होता. वरणभात, वांग्याची भाजी, भाकरी, ताकाची वाटी. बुवांनी ताट वाढून विठ्ठलापुढे ठेवले. भातावर तुळशीपत्र ठेवले. ताटाभोवती पाणी फिरवले. मग मागे न वळताच त्यांनी हात पुढे केला.

“दे.”

“काय?”

“ते यंत्र. कुस्ती लाव. पहिल्यापासून.”

“आत? देवापुढे?” श्रीनिवास दचकून उभा राहिला. “बुवा, सोवळं आहे... नैवेद्य आहे...”

“अरे, भक्तांनी त्याला जात्यावर दळायला बसवलं, गुरं राखायला लावलं, उष्टी काढायला लावली. कुस्ती ऐकायला सांगितली तर रागावेल होय?”

श्रीनिवासाने कुस्ती सुरू केली. बुवांनी मोबाईल ताटाशेजारी पाटावर ठेवला. ते बाहेर आले आणि गाभाऱ्याचा पडदा ओढून घेतला.

“बस.”

दोघे ओट्यावर बसले. गाभाऱ्याकडे पाठ करून. समोर येरळा, वाळूत उरलेले थोडेसे पाणी, आणि पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा.

आत हलगी कडाडली.

श्रीनिवासाची मान वळली. बुवांनी त्याच्या गुडघ्यावर दोन बोटे टेकवली. मान पुन्हा नदीकडे गेली.

‘...आणि उजव्या बाजूला... दुसरे आहेत.’

तो काही म्हणणार होता. पण म्हणणार कोणाला? बुवा बगळ्याकडे पाहत होते. देव पडद्याआड होता. डोळे ठेवायला एकही चेहरा नव्हता.

तो नुसता ऐकू लागला.

कुस्ती रंगत गेली. कोणीतरी कोणाला तरी आसमान दाखवले. लोकांचा गलका उठला. मग ती शांतता आली. ती किती लांब आहे, हे त्याला पाठ होते. परंतु तिच्यात काय आहे, हे त्याने कधी ऐकले नव्हते. त्या वेळी तो नेहमी समोरच्याच्या तोंडाकडे पाहत असे.

आज त्याने ऐकले. शांततेत एका बाईचा दबका आवाज होता. माईकच्या अगदी जवळ. ‘अहो, घ्या की! पोरगी बघतीय माडीवरनं...’

सासूबाई! त्या तिथेच उभ्या होत्या!

मग उखाणा झाला. ‘...हणमंतरावांचं नाव घेतो, माझी वाट सोडा!’ गलक्याखाली, माईक बंद होता होता, आणखी काहीतरी होते. तो जाडाभरडा आवाज फुटला होता. म्हातारा हसत होता. शपथ मोडलेला, हरलेला तो म्हातारा लहान पोरासारखा खिदळत होता, आणि बाई त्याला म्हणत होती, ‘पुसा, डोळं पुसा...’

श्रीनिवासाच्या छातीतून काहीतरी वर आले. त्याने ते दाबू पाहिले. ते फुटलेच. तो हसला. पोट धरून हसला. ओट्यावर आडवा झाला, पुन्हा उठून बसला, पुन्हा हसला. हा आवाज त्याने कितीजणांना ऐकवला होता; स्वतःसाठी तो आजच ऐकत होता. हसता हसता त्याला कुमुद आठवली, हातातून निसटणारी मेथीची जुडी आठवली, आणि हसण्याचा ओघ मध्येच ओला झाला.

बुवांनी त्याच्याकडे वळून पाहिले नाही.

बगळा उडाला. बुवांची दृष्टी त्याच्यामागे गेली.

आत आता सारे शांत होते. पडदा वाऱ्याने थोडा फुगला आणि पुन्हा सरळ झाला.

श्रीनिवासाने उपरण्यात तोंड पुसले. बऱ्याच वेळाने, अगदी खालच्या आवाजात त्याने विचारले,

“बुवा... आवडलं असेल का?”

कोणाला, ते त्याने सांगितले नाही. बुवांनीही विचारले नाही.

“इतकी वर्षं नैवेद्य ठेवतो आहे,” ते म्हणाले. “आवडला का, म्हणून एकदाही विचारलं नाही... म्हणून तर तो रोज येतो.”