क्षेमंकर राजाचे व्रत

पूर्वी पश्चिमेकडच्या एका नदीकाठच्या नगरात बोधिसत्त्वाने राजकुळात जन्म घेतला होता आणि तो क्षेमंकर या नावाने राज्य करीत होता. राजा शांत स्वभावाचा होता असे सांगायला मला आवडले असते. पण लोकांनी त्याला शांत राहू दिले नाही.

त्या काळी दूरच्या एका पवित्र नगरीसाठी धर्मयुद्धाची हाक उठली. जाणाऱ्याने व्रत घेऊन खांद्यावर लाल चिन्ह शिवायचे, आणि तो परत येईपर्यंत त्याच्या घराला व आश्रितांना कोणी बोट लावायचे नाही, असा दंडक होता. असे हजारो चिन्हवाले सेनापती चंडकेतूच्या मागे निघाले. पवित्र नगरी सहा महिन्यांच्या वाटेवर होती. एवढे चालायचे कोणी? वाटेतच त्यांना यहुदी सापडले, आणि निःशस्त्र माणसांना मारून ते धर्मकार्य उरकू लागले.

क्षेमंकराच्या नगरात यहुद्यांची साठ घरे होती. राजाने त्या सर्वांना राजवाड्यात आणले. चंडकेतू वेशीपाशी येऊन गरजला, "महाराज, ते आमच्या देवाचे वैरी आहेत. हवाली करा, नाहीतर नगर जाळतो!"

"शिंपी, सुतार आणि त्यांची लेकरं यांचं भय वाटतं का रे तुझ्या देवाला?" राजाने विचारले.

अमात्य कुजबुजला, "साठ घरांसाठी सगळं नगर कशाला पणाला लावायचं, महाराज?"

राजाने कपाळावर हात मारून घेतला. "उद्या तो तुझं घर मागेल, तेव्हा मी कोणाचा सल्ला घेऊ?"

यहुद्यांचा म्हातारा पुढारी एलाजार शिंपी होता. तो म्हणाला, "आम्हीच बाहेर जातो, महाराज. आमच्यापायी नगर जळायला नको."

"तू गप्प बैस, बाबा! हे मारायला तयार, तुम्ही मरायला तयार. विचार करायला कोणाला म्हणून सवड नाही. सुई आण."

राजाने त्याच्याच हातून आपल्या खांद्यावर लाल चिन्ह शिवून घेतले. मग राजा वेशीवर चढून म्हणाला, "मीही निघालो. ही साठ घरं माझी आश्रित. मी परतेपर्यंत त्यांना हात लावील त्याचं व्रत मोडेल. चला, व्हा पुढे!"

चंडकेतू दातओठ खात राहिला. पण दंडक त्याच्याच लोकांचा होता, म्हणून त्याने नगर सोडून पुढची वाट धरली.

भावावर राज्य सोपवून राजा निघाला. तो लढला नाही. घाटातल्या धर्मशाळेत यात्रेकरूंना पेज वाढीत राहिला. बारा वर्षांनी घराची ओढ असह्य होऊन तो नदीपर्यंत आला. पलीकडे त्याचा राजवाडा दिसत होता, आणि अलीकडे नव्या चिन्हवाल्यांची छावणी पडली होती.

"अजून संपलं नाही का यांचं?" तो त्राग्याने म्हणाला. नदी ओलांडताच त्याचे व्रत संपले असते, आणि साठ घरांचे अभयही. तो रडला आणि मागे वळला. पुढे तो घाटातच वारला. ती वार्ता नगरात पोचली नाही. राजा यायचाय, असेच तिथे सांगत राहिले.

एवढे सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्खूंनो, चंडकेतू म्हणजे काल परक्या पंथाच्या साधूंना झोडपून आलेला हा तुमचा सोबती. अमात्य म्हणजे ते बघत उभे राहिलेले तुम्ही. एलाजार हा आपली चीवरे शिवणारा म्हातारा उपासक, आणि राजा मीच."

त्या जन्मी बोधिसत्त्वाने मैत्रीची पारमिता, म्हणजे बुद्धत्वाला लागणारी त्या गुणाची परिसीमा, पूर्ण केली. सहनशीलतेच्या पारमितेला मात्र आणखी पुष्कळ जन्म लागले.